ऑपरेशननंतरचे ताट

वजन कमी करण्याचे ऑपरेशन झाले आहे हे कळले की लोक पहिला प्रश्न विचारतात, "किती किलो उतरलं?" दुसरा, "खर्च किती आला?" आणि तिसरा, जरा आवाज खाली आणून, "मग आता जन्मभर काही खायचंच नाही का?" पहिल्या दोघांची उत्तरे एकेका वाक्यात देता येतात. तिसऱ्याचे देता येत नाही. गेल्या वर्षभरात आमच्या वस्तीतल्या दोघींनी हे ऑपरेशन करून घेतले, आणखी एकीच्या घरी विचार चालू आहे. त्यांच्या घरचे माझ्याकडे येतात ते ऑपरेशन कसे असते हे विचारायला. मला मात्र त्यांच्याशी ताटाविषयी बोलायचे असते. ऑपरेशन दोन-तीन तासांत उरकते. ताट रोज वाढावे लागते.

माझ्याविषयी थोडे सांगते. जन्म १९७३ चा, नोकरी सरकारी कार्यालयात लिपिकाची, राहणे कल्याणला. उंची पाच फूट एक इंच आणि २०२२ च्या जानेवारीत ऑपरेशनच्या दिवशी वजन १०४ किलो. मधुमेहाला अकरा वर्षे झाली होती. दोन वेळा इन्सुलिन घेत होते. रात्री झोपेत श्वास अडकून दचकून उठायची. रेल्वेचा पूल चढताना मध्ये दोनदा थांबावे लागे आणि मागची गर्दी काय काय बोलते ते निमूटपणे ऐकावे लागे. भात सोडणे, एक वेळ जेवणे, चालणे, काढे, सगळे करून झाले होते. वजन सहा किलो उतरायचे आणि आठ किलो चढायचे.

या ऑपरेशनचे मुख्य दोन प्रकार आहेत. एकात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून काढतात आणि केळ्यासारखी बारीक नळी शिल्लक ठेवतात. त्याला स्लीव्ह म्हणतात. दुसरा बायपास. त्यात जठराच्या वरच्या टोकाला एक लहानशी पिशवी वेगळी करतात आणि लहान आतड्याचा पुढचा भाग वर आणून तिला जोडतात. बाकीचे जठर पोटातच राहते, पण अन्न त्यातून जात नाही. माझे हे दुसऱ्या प्रकारचे. एडवर्ड मेसन या शल्यविशारदांनी अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात १९६६ साली जठराच्या बायपासची सुरुवात केली. तेव्हा ही काही काल निघालेली टूम नाही.

ती नवी पिशवी सुरुवातीला तीसेक मिलिलिटरची असते. म्हणजे दोन मोठे चमचे. एवढ्यात काय मावणार? त्यात बायपासमध्ये आतड्याचा जो पहिला भाग वगळला जातो, नेमके तिथेच लोह आणि कॅल्शियम जास्त शोषले जाते. बी-१२ हे जीवनसत्त्व शोषायला जठरात तयार होणारा एक पदार्थ लागतो, त्याचीही अन्नाशी गाठ नीट पडत नाही. थोडक्यात, अन्न कमी जाते आणि जे जाते त्यातलेही सगळे अंगी लागत नाही. हाडांना, रक्ताला, मज्जातंतूंना लागणारे मात्र पूर्वी होते तेवढेच लागते. घरी विचारायला येणाऱ्यांना मी हे दोनदा सांगते, कारण एकदा सांगून ते डोक्यात राहत नाही. "बारीक झाली म्हणजे बरी झाली," एवढेच सगळ्यांच्या डोक्यात असते.

पहिले दोन महिने पायरीपायरीने जातात. आधी नुसते पाण्याचे घोट, मग साधारण दोन आठवडे पातळ पदार्थ: ताक, साखर न घातलेले दूध, मुगाचे गाळलेले कढण, कोंबडीचे गाळलेले सूप, त्यात प्रथिनांची पावडर. पुढचे दोन आठवडे मिक्सरमधून काढलेले घट्टसर वरण, दही, चेचलेले अंडे. मग मऊ खिचडी, भुर्जी, काटे काढलेला मासा. नेहमीचे अन्न त्यानंतर, तेही चहाच्या बशीत मावेल इतके.

पाणी जेवणाबरोबर चालत नाही. जेवण झाल्यावर अर्धा तास थांबायचे आणि मग दिवसभर घोट घोट घेत दीड-दोन लिटरपर्यंत पोचायचे. जेवताना पाणी प्यायले तर एक तर जागा भरते, नाही तर अन्न पुढे वाहून जाते. घास बोटाच्या पेराएवढा, आणि तो तोंडात पार लगदा होईपर्यंत चावायचा. एका जेवणाला वीस ते तीस मिनिटे. आपल्यासारख्या नोकरी करणाऱ्या बाईला उभ्या उभ्या दहा मिनिटांत जेवण उरकायची सवय असते. मला सगळ्यात कठीण हेच गेले. पोट भरल्याची खूणही बदलते. पूर्वी ढेकर यायची, आता नाक गळू लागते, उचकी लागते किंवा छातीच्या मधोमध दडपण येते. ती खूण मिळाली की तोंडातला घाससुद्धा पुढे ढकलायचा नाही. एक घास जास्त झाला तर तो परत येतो.

काही पदार्थ आधी जातच नाहीत. गरम मऊ पोळीचा आत गेल्यावर पिठाचा गोळा होतो. पाव तसाच. चिकट भात, कोंबडीचा कोरडा छातीचा तुकडा, शेवग्याच्या शेंगेचे दोर, संत्र्याच्या फोडीची साल, हे सगळे अडकणारे. ज्वारीची भाकरी मात्र घट्ट वरणात किंवा माशाच्या रश्शात कुस्करून भिजवली की अलगद जाते. रुग्णालयाच्या तक्त्यात भाकरी नव्हती. ती आम्ही घरी शोधून काढली.

आता आईचे सांगते. आमचे गाव मूळ जालना जिल्ह्यातले. १९७२ च्या दुष्काळात आई वीस-एकवीस वर्षांची होती. खडी फोडायच्या कामावर ती माझ्या वेळी सहा महिने पोटुशी होईपर्यंत जात होती. कामावर मिळणारी सुकडी आणि परदेशातून आलेली मिलोची लाल ज्वारी यांवर घर चालले. ती ज्वारी चांगली लागत नव्हती, भाकरी थापली जायची नाही, तरी तीच खायची, हे तिच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकले आहे. त्यामुळे ताटात अन्न टाकायचे नाही हा आमच्या घरचा कायदा. ऑपरेशननंतर मी बशीत दोन घास शिल्लक ठेवून उठले की आईचा चेहरा पडायचा. एक दिवस ती म्हणालीच, "आमी उपाशी ऱ्हायलो ते दुष्काळानं. तू पैशे भरून उपाशी ऱ्हाती व्हय?"

या प्रश्नावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते. मी तिला म्हटले, "माय, मी उपाशी नाही." पण तिच्या दृष्टीने ताटाचा आकार हाच पुरावा होता. आमच्या पिढीला पोटभर मिळावे म्हणून तिने जे काढले, त्यावर मुलीने पोटच कापून घ्यावे, हे तिला समजावे तरी कसे? शेवटी तोडगा तिनेच काढला. माझ्यासाठी ताट वाढणे बंद केले आणि बारशाला मिळालेली माझी लहानपणची वाटी शोधून आणली. ती वाटी मी पुसून खाते. टाकायला काही उरत नाही.

इथे थोडे विषयांतर करते, पण ते विषयाला धरूनच आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो होते, इंग्लंडमधल्या बाळांचे ३.५ किलो. वजन, स्नायू सगळे कमी, पण त्या मानाने अंगातली चरबी कमी झालेली नव्हती. आईच्या पोटात असताना पोषण कमी पडले, तर पुढे मधुमेहाकडे कल वाढतो असे हे शास्त्र सांगते. माझ्या बाबतीत नेमके हेच घडले असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. माझ्या वाढलेल्या वजनात लोकलचा प्रवास, बैठी नोकरी, साखरेचा पाच-सहा वेळचा चहा आणि रात्री दहाचे जेवण यांचाही वाटा आहे. पण लठ्ठपणा म्हणजे खाऊन-पिऊन सुखी घरचा रोग, असे कोणी म्हणाले की मला खडी फोडणारी माझी आई आठवते आणि राग येतो.

ऑपरेशननंतर कित्येक महिने भूक लागतच नाही. भुकेची जाणीव देणारे रस बदलतात म्हणून. ऐकायला बरे वाटते, पण धोका इथेच आहे. "भूक लागेल तेव्हा खाईन" म्हणून बसले तर संध्याकाळ होते आणि पोटात चहाशिवाय काही गेलेले नसते. म्हणून घड्याळाने खायचे, दिवसातून पाच-सहा वेळा, आणि प्रत्येक वेळी प्रथिने आधी. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिने गेली पाहिजेत. ती गेली नाहीत तर शरीर स्वतःचे स्नायू वापरू लागते. काट्यावर वजन उतरते, आपण खूश होतो, आणि उतरलेली असते ती हातापायांतली ताकद.

रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी पहिल्या भेटीत छापील तक्ता दिला. त्यात टोफू होता, किन्वा होता, ग्रीक योगर्ट होते. मी विचारले, "मॅडम, यातलं आमच्या बाजारात काय मिळतं?" बाई चांगल्या होत्या. हसल्या, तक्ता उलटा केला आणि म्हणाल्या, "सांगा, तुमच्या घरी काय शिजतं?" मग आम्ही दोघींनी मिळून कोऱ्या बाजूवर नवा तक्ता लिहिला. तो अजून आमच्या फ्रिजवर आहे.

त्यातले काही सांगते. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने. पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर दुधात सहा-सात. मूठभर, तीस ग्रॅम फुटाण्यांत सहा-सात (हे चौथ्या महिन्यानंतर, पीठ होईपर्यंत चावून). घट्ट वाटीभर वरणात सहा-सात, पण घट्टच. पन्नास ग्रॅम पनीरमध्ये नऊ. शिजलेल्या कोंबडीच्या किंवा माशाच्या पन्नास ग्रॅम तुकड्यात बारा-तेरा. कोरड्या सोयाबीनच्या वड्यांत शंभर ग्रॅमला पन्नास ग्रॅम प्रथिने, म्हणजे पंचवीस ग्रॅम वड्या भिजवून शिजवल्या की बारा. आणि आपल्या सुकटीत, वाळलेल्या बोंबलात शंभर ग्रॅमला साठच्या आसपास! वीस ग्रॅम सुकट म्हणजे पुन्हा बारा. ज्या सुकटीच्या वासाने शेजारी खिडक्या लावून घेतात, ती डब्यातल्या महागड्या पावडरीच्या तोडीची निघाली. फक्त मिठाचे बघावे लागते. रक्तदाब असेल तर दोन पाण्यांत भिजवून, ते पाणी टाकून, मग वांग्यात किंवा डाळीत शिजवायची. कडक भाजलेली सुकट सुरुवातीचे काही महिने नको, ती टोचते.

माझा दिवस असा: सकाळी अंडे, दोन तासांनी दूध, अकराला कार्यालयात फुटाणे, दीडला मासा किंवा कोंबडी, वरण आणि उरलेल्या जागेत पाव भाकरी, साडेचारला पनीर, रात्री सोयाबीन, सुकट किंवा अंडे. साठाचा हिशेब कसाबसा बसतो. भाकरी आणि भात सगळ्यात शेवटी. आपल्या जेवणाच्या रीतीच्या हे अगदी उलटे आहे. आपण भाकरीला लावायला कालवण घेतो. इथे कालवणातल्या तुकड्याबरोबर भाकरी.

तुकडा. भगिनींनो, सगळी गोम या शब्दात आहे.

आपल्या घरांत मटण-मासे शिजले की तुकडे कोणाच्या वाटीत जातात? आधी पुरुष, मग मुले, मग पाहुणा. बाई शेवटी बसते आणि तळाशी उरलेला रस्सा भातावर घेते. वरणही घट्ट त्यांना, पातळ तिला. माझ्या सासूबाई जिवंत असेपर्यंत मीसुद्धा रस्साच खात आले, आणि रस्सा-भाताची सवय लागली की भात वाढत जातो. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी माझ्या यजमानांना समोर बसवून सांगितले, "यांना पहिल्यांदा वाढायचं. पहिला तुकडा यांचा. रस्सा तुम्ही खा." यजमान भले माणूस, त्यांनी मान डोलावली. पण पहिल्या रविवारी मी सगळ्यांच्या आधी वाटी घेऊन बसले तेव्हा घरात एक चमत्कारिक शांतता होती. मुलगा हसला. मला घास घशाखाली उतरेना, आणि ते काही ऑपरेशनमुळे नव्हते. हळूहळू सवय झाली. आता मला उशीर झाला तर मुलगा झाकून ठेवतो.

सगळ्यांच्या घरी असे होत नाही. वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर सव्वीस वर्षांची एक मुलगी होती. लग्नाला तीन वर्षे झालेली, मूल होत नव्हते, वजनामुळे पाळी अनियमित होती. तिचे स्लीव्ह झाले. आम्ही फोनवर बोलायचो. पाचव्या-सहाव्या आठवड्यात ती म्हणू लागली, "काकू, काही टिकत नाही, सारखी उलटी होते." सासरी तिच्यासाठी वेगळे काही शिजत नव्हते. सगळ्यांची जेवणे झाली की वरणाचे वरचे पाणी आणि मऊ भात मिळायचा. वजन भराभर उतरत होते, म्हणून घरचे खूश होते. जवळच्या एका दवाखान्यात दोनदा ग्लुकोजची बाटली चढवली. एके दिवशी तिने फोनवर सांगितले की डोळ्यांपुढे एकाचे दोन दिसते आणि चालताना तोल जातो. मी तिला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जायला लावले, तिच्या भावाला फोन करून सोबत पाठवले.

ती बी-१ ची, म्हणजे थायमिनची कमतरता होती. या जीवनसत्त्वाचा साठा शरीरात जेमतेम दोन-तीन आठवडे पुरेल इतकाच असतो. खाणे थांबले आणि उलट्या चालू राहिल्या की तो संपतो. मग पायांत मुंग्या, बधिरपणा, नजरेत फरक, तोल जाणे, पुढे भ्रम. त्यात नुसते ग्लुकोज दिले तर असलेले थायमिनही खर्ची पडते. म्हणून बी-१ चे इंजेक्शन आधी द्यायचे असते. तिला ते वेळेत मिळाले. नजर आठवड्यात सुधारली, चालणे सुधारायला अनेक महिने गेले, तळवे आजही थोडे बधिर आहेत. ज्या घरात कोणाचे हे ऑपरेशन झाले आहे त्यांनी एवढे लक्षात ठेवावे: दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त उलट्या झाल्या तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना गाठावे, आणि दुसऱ्या कोणाकडे गेलात तर ऑपरेशन झाल्याचे पहिल्याच वाक्यात सांगावे.

गोडाचे वेगळे प्रकरण आहे. बायपासनंतर साखर किंवा गूळ घातलेला पदार्थ त्या लहान पिशवीतून थेट आतड्यात उतरतो आणि आतडे त्याला पाणी सोडते. दहा-पंधरा मिनिटांत घाम, धडधड, पोटात कळ, जुलाब. पुन्हा एक-दोन तासांनी साखर एकदम खाली येऊन हात थरथरू शकतात. माझ्या एका मावशीने "अळणी कसं गिळतीस" म्हणून न सांगता माझ्या नाचणीच्या पेजेत गूळ घातला होता. त्या दुपारी मी तासभर भिंतीला टेकून बसले आणि मावशी बिचारी पंख्याने वारा घालत राहिली. त्यानंतर २०२२ च्या बुद्धपौर्णिमेला विहारात खीरदान होते. द्रोण हातात घेतला, वंदन केले आणि तो नातीएवढ्या एका मुलीच्या हातात दिला. कोणाला वाईट वाटले नाही. आपणच उगाच धरून बसतो की लोकांना वाईट वाटेल.

लग्नाच्या पंगतीत मात्र आग्रह टळत नाही. "एवढंच? आवडलं नाही का?" तिथे मी सरळ सांगते की पोटाचे ऑपरेशन झाले आहे. कोणते ते सांगायलाच हवे असे नाही. काही जण म्हणतात, "सोपा मार्ग काढलास." त्यांना मी उत्तर देत नाही. तिसऱ्या महिन्यापासून केस मुठीने जाऊ लागले तेव्हा कार्यालयातल्या एकीने कानात विचारले, "दुसरं काही निघालं नाही ना?" ज्याला कॅन्सर म्हणायचे नसते ते. वजन झपाट्याने उतरले की केस गळतात, प्रथिने आणि लोह नीट गेले की बहुतेक परत येतात. माझे वर्षाच्या आत आले, पूर्वीपेक्षा थोडे पातळ.

गोळ्या जन्मभराच्या. सगळ्या जीवनसत्त्वांची एक, लोहाची, कॅल्शियमची, ड जीवनसत्त्वाची, आणि बी-१२ चे महिन्याला इंजेक्शन किंवा रोजची गोळी. कॅल्शियम आणि लोह एकत्र घ्यायचे नाही, मध्ये दोन तास जाऊ द्यायचे, कारण एक दुसऱ्याला अडवते. लोहाच्या गोळीवर चहाही नको. कॅल्शियम सायट्रेट प्रकारचे बरे, त्याला जठरातले आम्ल फारसे लागत नाही. दिवसाला १,२०० ते १,५०० मिलिग्रॅम, पण एकदम नाही, दोन-तीन वेळा विभागून. रक्ताच्या तपासण्या पहिल्या वर्षी तीन, सहा आणि बारा महिन्यांनी, पुढे दरवर्षी. ऑपरेशनचा खर्च ठरवताना हा खर्च धरलाच पाहिजे. घर गहाण टाकून ऑपरेशन केले आणि दुसऱ्या वर्षी गोळ्यांना पैसे उरले नाहीत, तर त्या घरावर नवेच संकट येते. कमतरता लगेच दिसत नाही. बी-१२ चा साठा काही वर्षे पुरतो, आणि तेवढ्यात माणूस निर्धास्त होतो.

काही गोष्टी भराभर सांगते. तरुण मुलींनी ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष तरी दिवस राहू देऊ नयेत. वजन उतरले की पाळी सुधारते आणि अचानक दिवस राहतात, म्हणून आधीच डॉक्टरांना विचारून साधन ठरवावे. बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गोळीवर भरवसा ठेवू नये. कलेजी लोहाला उत्तम, पण गरोदरपणात टाळावी, तिच्यात अ जीवनसत्त्व फार असते. अंगदुखीच्या साध्या गोळ्या दुकानातून आणून घेऊ नयेत, त्यांनी त्या नव्या जोडापाशी व्रण होतो. तंबाखूनेही होतो. माझ्या डॉक्टरांनी मिश्री लावता का असे विचारले तेव्हा मी नाही म्हटले, पण शेजारी बसलेल्या आईने हळूच डबी कमरेला खोचली. पुरुषांसाठी एक: दारू या ऑपरेशननंतर पूर्वीपेक्षा फार लवकर चढते आणि तिची सवय जडण्याचा धोका वाढतो.

दुसऱ्या वर्षानंतर भूक थोडी परत येते, पिशवीही जरा सैल होते. अंडे, मासा अजून पोट भरवतो, पण चिवडा, बिस्किटे, फरसाण चहाबरोबर कितीही सरकते. वजन परत चढते ते या वाटेने. माझे सगळ्यात कमी ६८ झाले होते, आता ७१ आहे. इन्सुलिन ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या महिन्यातच डॉक्टरांनी बंद केले, आता एक गोळी आहे. पूल मी न थांबता चढते.

गेल्या वर्षी माझ्या रक्ततपासणीला आईला सोबत नेले होते. तिला चक्कर येते म्हणून तिचेही रक्त द्या म्हटले. माझे हिमोग्लोबिन १२.१ निघाले. तिचे ८.६, बी-१२ तर तळाला. तिचे पोट अखंड, कुठलेही ऑपरेशन नाही. जन्मभर शेवटी जेवलेली बाई. डॉक्टरांनी तिलाही लोहाच्या गोळ्या आणि बी-१२ ची इंजेक्शने लिहून दिली आणि रोज एक अंडे खायला सांगितले. आता आमच्या दोघींच्या गोळ्या खणांच्या एकाच डबीत असतात, डावीकडचे खण माझे, उजवीकडचे तिचे. अंड्याला ती आधी "मला कशाला, पोराला दे" म्हणाली. हल्ली खाते, पण अजूनही सगळ्यांची जेवणे झाल्यावरच.